गटाचा ई-मेल का पोहोचत नाही? दोष शोधण्याची रीत

शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था, फळबागाईतदारांचे संघ व पाणीवापर संस्था यांचा बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली. अशा कंपनीच्या कार्यालयास शेदोनशे सभासदांना एकाच वेळी सूचना पाठवावी लागते. त्यासाठी सभासदांचा एक गट करून त्या गटास एकच पत्ता देतात. त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र सर्व सभासदांस आपोआप जाते. ही सोय उत्तम आहे. परंतु तीत एक उणीव आहे. पत्र एखाद्या सभासदास मिळाले नाही, तर ते मिळाले नाही हे त्यास कळण्याचा मार्ग नसतो आणि पाठविणारा तर सर्वांना कळविले अशा समजुतीत असतो.

यात होणारे नुकसान लहान नसते. समजा, परदेशी खरेदीदाराने एखादे कीडनाशक यापुढे चालणार नाही असे कळविले व संघाने तसे पत्र गटावर धाडले. ज्याला ते मिळाले नाही त्या बागाईतदाराने नेहमीप्रमाणे तेच औषध फवारले, तर त्याच्या मालाचा नमुना अवशेषांच्या तपासणीत नापास होईल आणि वर्षभराच्या कष्टांचा माल स्थानिक बाजारात पडत्या भावाने विकावा लागेल. यास्तव गटाचे ई-मेल येईनासे झाल्यास दोष कोठे आहे हे शोधण्याची पद्धतशीर रीत संस्थेच्या सचिवास व जाणत्या सभासदांस अवगत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ती रीत सांगितली आहे. उदाहरणासाठी संगणकावरील थंडरबर्ड हा मोफत मिळणारा मेल प्रोग्रॅम, जीमेलची पेटी व गूगल ग्रुप्सवरील गट ही जोडी घेतली आहे. इतर प्रोग्रॅममध्ये बटणांची नावे निराळी असतील. तथापि कारणे बहुतांशी हीच असतात.

पत्राचा प्रवास

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यास पाण्याची पाळी मिळाली नाही, तर जाणता पाटकरी प्रथम कालव्यास पाणी सुटले की नाही ते पाहतो. मग चारीचे दार, मग चारी कोठे फुटली आहे काय हे पाहतो व शेवटी शेताच्या बांधाशी येतो. ई-मेलच्या बाबतीतही असेच क्रमाने पाहावे. गटाच्या पत्रास चार टप्पे ओलांडावे लागतात.

पहिला टप्पा पाठविणाऱ्याचा. त्याने पत्र गटाच्या पत्त्यावर धाडलेले असले पाहिजे. दुसरा टप्पा गटाच्या सर्व्हरचा. तो पत्र स्वीकारतो, सभासदांची यादी पाहतो व प्रत्येकास एकेक प्रत रवाना करतो. तिसरा टप्पा सभासदाच्या पेटीचा, म्हणजे जीमेलच्या सर्व्हरचा. तेथे पत्र स्वीकारावयाचे, नाकारावयाचे की स्पॅममध्ये टाकावयाचे हे ठरते. चौथा व शेवटचा टप्पा आपल्या संगणकावरील प्रोग्रॅमचा. तो सर्व्हरवरील पत्रे आणून आपणांस दाखवितो.

पुष्कळ लोक चौथ्या टप्प्यावरच अडखळतात व प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवितात. यात वेळ जातो आणि जुनी पत्रे गमावण्याचा धोकाही असतो. म्हणून प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

प्रथम विचारावयाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : केवळ गटाची पत्रे येत नाहीत, की कोणतीच पत्रे येत नाहीत? कोणतीच पत्रे येत नसतील तर दोष गटाचा नाही. इंटरनेटची जोडणी, पासवर्ड अथवा पेटीतील जागा यांपैकी एखादे कारण असेल. गूगलने ३० मे २०२२ पासून, केवळ खात्याचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून जीमेल उघडण्याची जुनी पद्धत बंद करण्यास आरंभ केला. जुन्या मांडणीचा प्रोग्रॅम यामुळे वारंवार पासवर्ड मागतो व पत्रे आणीत नाही. थंडरबर्डची नवी आवृत्ती घेऊन खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ओळख पटविण्याची पद्धत ‘ओऑथ२’ अशी निवडावी, म्हणजे ही अडचण दूर होते.

दुसरा प्रश्न : पत्र केवळ मलाच मिळाले नाही, की इतर सभासदांसही मिळाले नाही? दोनतीन सभासदांस फोन करून विचारावे. कोणासच मिळाले नसेल तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे व आपल्या संगणकात काही शोधण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : ब्राउझरमधून जीमेल उघडले असता पत्र दिसते काय? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तेथे ‘ऑल मेल’ व ‘स्पॅम’ ही दोन्ही ठिकाणे पाहावीत. पत्र तेथे असेल तर ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत सुखरूप आले आहे व अडचण संगणकावरील प्रोग्रॅमची किंवा पेटीतील वर्गवारीची आहे. ते तेथेही नसेल तर दोष वरच्या अंगास आहे. एवढ्या तपासाने निम्मे काम होते.

आपण पाठविलेले पत्र परत न दिसणे

सचिवांची सर्वांत सामान्य तक्रार अशी की, मी गटावर पत्र पाठविले, परंतु मी स्वतः सभासद असूनही मला त्याची प्रत आली नाही. तेव्हा ते कोणासच गेले नसावे. ही भीती बहुधा निराधार असते. प्रत्येक ई-मेलवर एक खास क्रमांक असतो. गटाकडून परतणाऱ्या प्रतीवरही तोच क्रमांक असतो. जीमेल हा क्रमांक पाहून ‘हे पत्र पेटीत आहेच’ असे मानते व दुसरी प्रत इनबॉक्समध्ये दाखवीत नाही. पाठविलेल्या पत्रांत असलेली प्रत हीच एकमेव प्रत राहते. कोणी त्या पत्रास उत्तर दिले म्हणजे मात्र ते इनबॉक्समध्ये दिसू लागते.

हा दोष नसून जीमेलची रीत आहे व ती बदलण्याची सोय नाही. पत्र गेले की नाही याची खातरी करावयाची असल्यास गटाच्या पानावर ते दिसते की नाही हे पाहावे. अथवा कार्यालयाचा दुसरा एखादा पत्ता, शक्यतो जीमेलखेरीज अन्य सेवेचा, गटात सभासद म्हणून नोंदवावा व तेथे प्रत येते की नाही हे पाहावे. पत्र परत आले नाही म्हणून तेच पत्र दोनतीनदा पाठवू नये. त्यामुळे सभासदांस एकच सूचना अनेकदा मिळते व तिचे गांभीर्य कमी होते.

पत्र असते, परंतु दृष्टीस पडत नाही

पत्र संगणकावर आलेले असूनही यादीत न दिसणे हे पुष्कळदा घडते. थंडरबर्डमध्ये याची मुख्य कारणे तीन आहेत.

एक म्हणजे क्विक फिल्टरची पट्टी. यादीच्या वर असलेल्या या पट्टीवरील एखादे बटण दाबलेले राहिले, तर त्या अटीत बसणारीच पत्रे दिसतात. ‘अनरीड’ दाबलेले असल्यास वाचलेली पत्रे नाहीशी होतात. ‘कॉन्टॅक्ट’ दाबलेले असल्यास ज्यांची नावे आपल्या पत्त्यांच्या वहीत आहेत त्यांचीच पत्रे दिसतात. गटात लिहिणारे पुष्कळ सभासद आपल्या वहीत नसतात. म्हणून या बटणामुळे नेमकी गटाचीच पत्रे लपतात. पट्टीवरील टाचणीचे चिन्ह दाबलेले असेल तर दुसऱ्या फोल्डरमध्ये गेल्यावरही तीच अट कायम राहते. सर्व बटणे मोकळी करून पाहावे.

दुसरे कारण पत्रमालिकेचे. एकाच विषयावरील पत्रे व त्यांची उत्तरे प्रोग्रॅम एका मालिकेत गोवतो. मालिका मिटलेली असेल तर आज आलेले उत्तर तीन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या पत्राखाली दडून राहते. वाचणारा यादीच्या टोकाशी नवे पत्र शोधतो व ते त्यास सापडत नाही. गटात ही अडचण अधिक येते. कारण पुष्कळ सभासद नवा विषय काढतानाही जुन्याच पत्रास उत्तर देतात. मालिका उलगडून पाहावी किंवा यादी केवळ तारखेप्रमाणे लावून पाहावी.

तिसरे कारण मालिका दुर्लक्षित होण्याचे. थंडरबर्डमध्ये यादीवर असताना ‘के’ हे अक्षर चुकून दाबले गेल्यास ती मालिका ‘इग्नोर’ म्हणून नोंदली जाते व तिच्यातील पुढील पत्रे यादीत येत नाहीत. ‘व्ह्यू’ या मेनूतील ‘थ्रेड्स’ येथे जाऊन ‘इग्नोर्ड थ्रेड्स’ निवडल्यास अशा मालिका पुन्हा दिसू लागतात. मग त्या मालिकेवर पुन्हा ‘के’ दाबून खूण काढून टाकावी.

फोल्डर व वर्गवारी

गटाची पत्रे फार झाली म्हणजे ती वेगळ्या फोल्डरमध्ये जावीत म्हणून पुष्कळ जण जीमेलमध्ये नियम करून ठेवतात. नियमात ‘इनबॉक्स वगळा’ अशी अट असल्यास पत्र इनबॉक्समध्ये न येता सरळ त्या नावाच्या कप्प्यात जाते. संगणकावर आयमॅप पद्धतीने खाते जोडलेले असल्यास हा कप्पा फोल्डर म्हणून दिसतो; परंतु येथे तीन ठिकाणी अडथळा संभवतो.

पहिला अडथळा असा की, थंडरबर्ड नवी पत्रे आणताना सामान्यतः इनबॉक्स पाहतो; इतर प्रत्येक फोल्डर पाहतोच असे नाही. त्यामुळे गटाच्या फोल्डरमध्ये नवे पत्र येऊनही सूचना मिळत नाही. त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे व नवी पत्रे आणताना हा फोल्डर नेहमी तपासावा अशा अर्थाच्या वाक्यापुढे खूण करावी. ही एक खूण केल्याने पुष्कळ तक्रारी मिटतात.

दुसरा अडथळा फोल्डर नोंदलेला नसण्याचा. खात्याच्या नावावर उजवी कळ दाबून ‘सबस्क्राइब’ निवडल्यास सर्व फोल्डरांची यादी येते. तीत गटाच्या फोल्डरापुढे खूण असावी. यादीतच फोल्डर नसेल तर ब्राउझरमधून जीमेलच्या सेटिंग्जमधील ‘लेबल्स’ येथे जावे व त्या कप्प्यापुढे ‘शो इन आयमॅप’ ही खूण आहे किंवा नाही हे पाहावे.

तिसरा अडथळा संख्येच्या मर्यादेचा. जीमेलच्या आयमॅप सेटिंग्जमध्ये एका फोल्डरमधील पत्रांची संख्या १,००० अथवा अशाच एखाद्या आकड्यापुरती मर्यादित करण्याची सोय आहे. कोणी ती लावून ठेवली असल्यास जुनी पत्रे संगणकावर दिसत नाहीत. मागील हंगामातील सूचना सापडत नसेल तर ही मर्यादा अवश्य पाहावी.

याखेरीज थंडरबर्डचे स्वतःचेही नियम असतात. ‘टूल्स’ मेनूतील ‘मेसेज फिल्टर्स’ येथे ते दिसतात. कार्यालयातील एका संगणकावर, गटाची पत्रे त्याच संगणकाच्या स्थानिक फोल्डरमध्ये हलविण्याचा नियम असेल, तर ती पत्रे सर्व्हरवरील इनबॉक्समधून उचलली जातात. मग दुसऱ्या संगणकावर किंवा फोनच्या इनबॉक्समध्ये ती दिसत नाहीत. पूर्वी काम करणाऱ्या लेखनिकाने असा नियम करून ठेवला असेल तर नव्या माणसास त्याचा पत्ताही नसतो.

फोनवर पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीमेल आपल्या पानावर इनबॉक्सचे ‘प्रायमरी’, ‘प्रमोशन्स’, ‘फोरम्स’ असे भाग पाडते. गटाची पत्रे पुष्कळदा ‘फोरम्स’ या भागात पडतात. संगणकावरील प्रोग्रॅममध्ये ती इनबॉक्समध्येच असतात. म्हणून ‘संगणकावर आहे, फोनवर नाही’ अशी तक्रार आल्यास हे भाग उघडून पाहावेत.

दोन संगणक व पॉप पद्धत

सर्व्हरवरील पत्रे संगणकावर आणण्याच्या पद्धती दोन आहेत. आयमॅप पद्धतीत पत्र सर्व्हरवरच राहते व प्रत्येक संगणक त्याच पेटीत डोकावतो. पॉप ही जुनी पद्धत होय. तीत पत्र सर्व्हरवरून उतरवून संगणकावर ठेवतात. एकच संगणक असेल तर पॉपने काम भागते. परंतु कार्यालयात एक व अध्यक्षांच्या घरी एक असे दोन संगणक एकाच खात्यास पॉपने जोडलेले असतील, तर जो आधी पोहोचेल त्यास पत्र मिळते. जीमेल एकदा उतरविलेले पत्र सामान्यतः पुन्हा देत नाही. परिणामी निम्मी पत्रे इकडे व निम्मी तिकडे अशी अवस्था होते आणि ‘काही पत्रे येतात, काही येत नाहीत’ अशी चमत्कारिक तक्रार निर्माण होते.

यावर उत्तम उपाय म्हणजे दोन्ही संगणकांवर आयमॅप लावणे. ते शक्य नसल्यास जीमेलच्या वापरनावाच्या आधी ‘रीसेंट’ हा इंग्रजी शब्द व अपूर्णविराम लिहावा. म्हणजे गेल्या ३० दिवसांची पत्रे प्रत्येक संगणकास मिळतात. तसेच पॉपने स्पॅममधील पत्रे उतरत नाहीत. म्हणून पॉप वापरणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी ब्राउझरमधून स्पॅम तपासला पाहिजे.

स्पॅमचा अडथळा

स्पॅममध्ये पडलेले पत्र जीमेल ३० दिवसांनंतर आपोआप नष्ट करते. म्हणून तपासास विलंब करू नये. गटाचे पत्र स्पॅममध्ये जाण्याची कारणे अनेक आहेत. एखाद्या सभासदाने गटातून बाहेर पडण्याऐवजी गटाच्या पत्रांस वारंवार ‘स्पॅम’ म्हणून खूण केली, की त्याच्या पेटीत पुढील पत्रेही तिकडेच जाऊ लागतात. आणि अनेकांनी तसे केल्यास त्याचा उपद्रव इतर सभासदांसही होऊ शकतो. गटात राहावयाचे नसेल त्याने रीतसर नाव काढून घ्यावे हे सभासदांस समजावून सांगितले पाहिजे.

पाठविणाऱ्याचा पत्ता आपल्या वहीत घातला म्हणजे पत्र स्पॅममध्ये जाणार नाही, हा उपाय गटाच्या बाबतीत पुरा पडत नाही. कारण गटात दर वेळी लिहिणारा निराळा असतो. त्याऐवजी गटाच्या खुणेवर नियम करावा. २००१ सालापासून प्रत्येक गटाच्या पत्रावर गटाची ओळख सांगणारी एक ओळ छापण्याचे प्रमाण ठरलेले आहे. ही ओळ सहसा दिसत नाही, परंतु जीमेल ती वाचू शकते. जीमेलमध्ये नवा नियम करताना ‘हॅज द वर्ड्स’ या जागी ‘लिस्ट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम व त्यापुढे गटाचा पत्ता लिहावा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ यापुढे खूण करावी. मग कोणत्याही सभासदाने लिहिलेले पत्र असो, ते स्पॅममध्ये जाणार नाही.

थंडरबर्डची स्वतःची ‘जंक’ चाळणीही असते. ती आपल्या खुणांवरून शिकते. म्हणून चुकीने जंकमध्ये गेलेल्या पत्रावर ‘नॉट जंक’ अशी खूण अवश्य करावी. केवळ पत्र बाहेर ओढून ठेवण्याने चाळणीस काही कळत नाही.

गटाच्या अंगचे दोष

पत्र ब्राउझरमध्येही दिसत नसेल तर गटाची नोंद तपासावी. गूगल ग्रुप्सवर प्रत्येक सभासदास पत्रे कशी हवीत हे निवडता येते. ‘प्रत्येक पत्र’, ‘गाठोडे’, ‘दिवसाचा सारांश’ व ‘ई-मेल नको’ असे चार पर्याय असतात. ‘ई-मेल नको’ असे निवडले गेले असेल तर सभासदत्व कायम राहते, पण एकही पत्र येत नाही. गाठोड्यात २५ पर्यंत पत्रे एकत्र बांधून येतात. त्यामुळे तातडीची सूचना उशिरा मिळते व शोधतानाही विषयावरून सापडत नाही. शेतीमालाच्या व्यवहारात ‘प्रत्येक पत्र’ हाच पर्याय योग्य होय.

दुसरा दोष परत जाणाऱ्या पत्रांचा. सभासदाची पेटी भरली किंवा काही कारणाने ती पत्रे नाकारू लागली, म्हणजे गटाचा सर्व्हर त्या नावापुढे ‘बाउन्सिंग’ अशी खूण करतो व पुढे पत्रे पाठविण्याचे थांबवितो. विशेष असे की, सभासदाने पेटी रिकामी केली तरी ही खूण कायम राहू शकते. म्हणजे दोष दूर होऊनही परिणाम राहतो. व्यवस्थापकाने सभासदांची यादी उघडून अशा खुणा महिन्यातून एकदा पाहाव्यात व पेटी ठीक झाल्यावर त्या काढून टाकाव्यात. जीमेलच्या मोफत खात्यास सामान्यतः १५ जीबी जागा मिळते. परंतु ती जागा ई-मेल, ड्राइव्हमधील कागदपत्रे व फोनमधून चढविलेली छायाचित्रे यांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून कमी आकाराची छायाचित्रेही या जागेत मोजली जातात. बागेची व पिकाची छायाचित्रे भरमसाट साठविणाऱ्याची पेटी यामुळे भरते व दोष मात्र गटावर येतो.

तिसरा दोष पत्र अडकून राहण्याचा. गटात पत्रे मंजुरीनेच जाण्याची अट असेल, किंवा सर्व्हरला एखादे पत्र संशयास्पद वाटले, तर ते ‘पेंडिंग’ या यादीत थांबते. व्यवस्थापकाने ती यादी पाहिली नाही तर पत्र तेथेच राहते. त्याचप्रमाणे सभासदाने एका पत्त्याने नाव नोंदविले व दुसऱ्या पत्त्यावरून लिहिले, तर सर्व्हर त्यास परका समजून पत्र नाकारू शकतो. पत्रास जोडलेल्या कागदांचा आकारही पाहावा. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठे पत्र जात नाही आणि जोडपत्र ई-मेलमध्ये घालताना त्याचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. मोठे अहवाल ड्राइव्हवर ठेवून त्यांचा दुवा पाठविणे बरे.

जुन्या गटांविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. याहू ग्रुप्स ही सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. त्या सेवेवरील गटांचे पत्ते अद्याप कोणाच्या वहीत असतील तर ते काढून टाकावेत. त्या पत्त्यांवर धाडलेले पत्र कोणासही मिळणार नाही.

पाठविणाऱ्याच्या पत्त्यामुळे येणारा अडथळा

कधी असे आढळते की, बहुतेकांची पत्रे मिळतात, पण एका विशिष्ट सभासदाची पत्रे मिळत नाहीत. याचे मूळ एप्रिल २०१४ मध्ये घडलेल्या एका बदलात आहे. खोट्या नावाने येणाऱ्या पत्रांस आळा घालण्यासाठी याहूने त्या महिन्यात असा नियम जाहीर केला की, याहूच्या पत्त्याचे पत्र याहूच्या खऱ्या सहीशिवाय आले तर ते नाकारावे. त्याच महिन्यात एओएलनेही तोच मार्ग धरला. हेतू योग्य होता. परंतु गटाचा सर्व्हर पत्राच्या विषयात गटाचे नाव घालतो किंवा खाली एखादी ओळ जोडतो आणि एवढ्यानेही मूळची सही जुळेनाशी होते. परिणामी त्या सभासदाची पत्रे इतरांच्या सर्व्हरांनी परत लावली व पत्रे परत गेल्यामुळे निर्दोष सभासदांची नावेही पत्रे थांबविण्याच्या यादीत गेली.

यावर तोड म्हणून गटाचे सर्व्हर आता अशा पत्रांवर पाठविणाऱ्याच्या पत्त्याऐवजी गटाचाच पत्ता घालतात व नावापुढे ‘व्हाया’ असा शब्द लिहितात. म्हणजे पत्र अमुक गृहस्थाचे असले तरी पत्ता गटाचा असतो. त्यामुळे त्या गृहस्थाच्या पत्त्यावरून शोध घेतल्यास पत्र सापडत नाही व त्या पत्त्यावर बेतलेला नियमही लागू पडत नाही. अशा वेळी नावावरून किंवा विषयावरून शोधावे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास ५,००० किंवा अधिक पत्रे धाडणाऱ्यास आपल्या नावाची प्रमाणे सर्व्हरवर नोंदवावी लागतात. लहान संघास ही संख्या लागू होत नाही. तरी ज्या कंपनीने स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता घेतला आहे तिने ही प्रमाणे आपल्या सेवादात्याकडून नीट लावून घ्यावीत. गट न करता स्वतःच्या वहीतील यादीवरून पत्रे पाठविणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, जीमेलच्या मोफत खात्यातून एका दिवसात सुमारे ५०० पत्त्यांपलीकडे पत्रे पाठविता येत नाहीत.

सूची बिघडणे

वरील सर्व पाहूनही ब्राउझरमध्ये असलेले पत्र संगणकावर येत नसेल, तर फोल्डरची सूची बिघडली असण्याचा संभव आहे. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी एक सूची ठेवतो. वीज एकाएकी जाऊन संगणक बंद पडल्यास ती अर्धवट राहू शकते. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यात ‘रिपेअर फोल्डर’ निवडावे. सूची नव्याने तयार होते. पॉप वापरणाऱ्यांची पत्रे संगणकावरच असल्यामुळे त्यांनी त्यापूर्वी प्रोग्रॅम बंद करून थंडरबर्डचे सर्व प्रोफाइल दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून ठेवावे.

या संदर्भात विषाणूरोधक प्रोग्रॅमविषयी इशारा देणे अवश्य आहे. थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये साठवितो. एखाद्या पत्रात घातक जोडपत्र आढळल्यास विषाणूरोधक प्रोग्रॅम ती संपूर्ण फाइलच अलग करू शकतो, म्हणजे एका किडक्या फळासाठी संपूर्ण पेटी उचलली जाते. इनबॉक्स एकाएकी रिकामा दिसल्यास घाईने काही पुसू नये. प्रथम विषाणूरोधक प्रोग्रॅमने अलग ठेवलेल्या फाइलींची यादी पाहावी.

लक्षणे व उपाय यांचा सारांश

१. कोणतेच पत्र येत नाही : जोडणी, पासवर्डची पद्धत व पेटीतील जागा पाहावी.
२. कोणासच मिळाले नाही : गटाची ‘पेंडिंग’ यादी व पाठविणाऱ्याचा पत्ता पाहावा.
३. केवळ स्वतः पाठविलेले दिसत नाही : ही जीमेलची रीत आहे, गटाचे पान पाहावे.
४. ब्राउझरमध्ये दिसते, संगणकावर नाही : क्विक फिल्टर, मिटलेल्या मालिका, फोल्डरची नोंद व शेवटी सूची, या क्रमाने पाहावे.
५. काही येतात, काही येत नाहीत : दोन संगणकांवरील पॉप किंवा कोणीतरी केलेला नियम शोधावा.
६. एकाच माणसाची येत नाहीत : ‘व्हाया’ असलेला पत्ता व स्पॅम पाहावा.
७. अमुक दिवसापासून गटाची सर्वच बंद झाली : सभासदाच्या नावापुढील ‘बाउन्सिंग’ खूण व निवडलेला पर्याय पाहावा.

संस्थांनी घ्यावयाची खबरदारी

दोष उद्‌भवल्यावर तो शोधण्यापेक्षा तो तत्काळ लक्षात येईल अशी व्यवस्था करणे अधिक श्रेयस्कर होय. यासाठी कार्यालयातील जुनी जावक क्रमांकाची पद्धत अतिशय उपयोगी आहे. गटावर जाणाऱ्या प्रत्येक सूचनेच्या विषयात वर्ष व अनुक्रमांक लिहावा. १४ क्रमांकानंतर १६ क्रमांकाचे पत्र आले, तर मधले एक पत्र आपणांस मिळाले नाही हे साध्या सभासदासही समजते व तो कार्यालयास विचारतो. याला खर्च नाही आणि संगणकाचे ज्ञानही लागत नाही.

प्रत्येक महिन्याच्या आरंभी मागील महिन्यात गेलेल्या सूचनांची क्रमवार यादी गटावर धाडावी व तीच कार्यालयाच्या फलकावर लावावी. औषधांवरील बंदी, तपासणीची तारीख, मालाची उचल, निविदेची मुदत यांसारख्या बाबी केवळ ई-मेलवर सोपवू नयेत. त्यांची पोच मागवावी व ज्यांची पोच आली नाही त्यांस फोन करावा. गटाचे व्यवस्थापक निदान दोन असावेत, म्हणजे एक जण गावी नसताना ‘पेंडिंग’ यादी अडकून राहणार नाही. कोणत्या संगणकावर कोणते नियम केले आहेत याची नोंद एका वहीत ठेवावी, म्हणजे लेखनिक बदलला तरी घोटाळा होणार नाही.

द्राक्ष व डाळिंबाच्या हंगामास आरंभ होण्यापूर्वी प्रत्येक संघाने गटावर एक चाचणी पत्र पाठवून सर्व सभासदांची पोच घ्यावी. ज्यांची पोच येणार नाही त्यांची अडचण वर दिलेल्या क्रमाने शोधून फवारणीचे दिवस येण्याआधी दूर करावी.